दृष्टिक्षेत्र परीक्षण : ईर्यासमितीच्या निमित्ताने

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पाच समित्यांमध्ये ईर्यासमितीचे स्थान पहिले. पुढची साडेतीन हात भूमी न्याहाळत, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकायचे, ही साधूची चालण्याची रीत. श्रावकही यथाशक्ती तिचे पालन करतो. या आचारामागे नेत्रशास्त्रातील एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. नजर साडेतीन हातांवर स्थिरावलेली असताना पावलापाशी असलेली मुंगी, उंबरठा किंवा पायरी नजरेच्या थेट टप्प्यात नसते. ती दिसते नजरेच्या खालच्या परिघात. समोर रोखून पाहत असताना चहूबाजूंना जे जे दिसते, त्या सर्व विस्ताराला दृष्टिक्षेत्र म्हणतात. निरोगी डोळ्याचे क्षेत्र कानाच्या बाजूस सुमारे 90 अंश, नाकाकडे आणि वरच्या बाजूस सुमारे 60 अंश, तर खाली 70 ते 75 अंशांपर्यंत पसरलेले असते.

नेत्रतपासणी म्हटली की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता डोळ्यांपुढे उभा राहतो. शेवटची ओळ वाचता आली की मनुष्य निश्चिंत होतो. परंतु हा तक्ता दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूची परीक्षा घेतो. परिघातील दृष्टी ओसरत चाललेला मनुष्यही शेवटची ओळ बिनचूक वाचू शकतो. स्वाध्यायाचे पुस्तक वाचता येते, प्रतिक्रमणात अडत नाही, सुईत दोराही ओवता येतो. आणि तोच मनुष्य दाराच्या चौकटीला खांदा घासतो, जिन्याची शेवटची पायरी चुकतो, ताटाच्या कडेची वाटी कलंडवतो. घरातील मंडळी म्हणतात, वय झाले.

हे वयाचे काम नसून पुष्कळदा काचबिंदूचे असते. दृष्टिपटलाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत सुमारे 10 ते 12 लाख धागे असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरत जातात आणि मेलेला धागा पुन्हा जिवंत होत नाही. वेदना नाही, लाली नाही, अंधारीही येत नाही. डोळ्यांपुढे काळा डाग तरी दिसावा, तर तोही नाही. कारण रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने परस्पर भरून टाकतो.

श्रोत्यांना याचा पडताळा हातातील निमंत्रणपत्रिकेवर आत्ताच घेता येईल. कोऱ्या बाजूवर डावीकडे एक फुली आणि तिच्यापासून 8 सेंटिमीटर उजवीकडे एक ठसठशीत टिंब काढावे. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने केवळ फुलीकडे पाहावे आणि पत्रिका पुढेमागे सरकवावी. सुमारे एक फुटावर टिंब नाहीसे होते. त्या जागी भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मज्जातंतू डोळ्यातून बाहेर पडतो त्या जागेचा हा अंधबिंदू. फ्रान्समधील मारियोत यांनी सतराव्या शतकात तो दाखवून दिला. जन्मभर जवळ असूनही जो अंधबिंदू कोणाच्या ध्यानात येत नाही, त्याच्या शेजारी रोगाने आणखी एक रिकामी जागा वाढवली, तर ती तरी कशी ध्यानात यावी?

ती शोधण्याची युक्ती साधी होती. 1889 मध्ये कोपनहेगन येथील डॉक्टर ब्येरुम यांनी स्वतःच्या तपासणीच्या खोलीतील दाराचाच पडद्यासारखा उपयोग केला. रुग्णाला मध्यावर नजर ठेवायला सांगून त्यांनी काठीच्या टोकाची बारीक पांढरी खूण दारावरून फिरवली आणि ती कोठे नाहीशी होते याची नोंद केली. काचबिंदूच्या रुग्णांत अंधबिंदूपासून धनुष्याकृती पसरत जाणारा दृष्टिहीन पट्टा त्यांना आढळला. आजही हा पट्टा त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे 1945 मध्ये गोल्डमन यांनी अर्धगोलाकार यंत्र सिद्ध केले आणि नंतर संगणकाने चालणारी यंत्रे आली. रुग्णालयात ‘फील्ड टेस्ट’ म्हणतात ती हीच.

या तपासणीविषयी ज्येष्ठांच्या मनात नाहक धास्ती असते, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात पाहायचे. नजर मधल्या दिव्यावर ठेवायची आणि आजूबाजूला ठिणगी चमकली की हातातील बटण दाबायचे. प्रत्येक डोळ्याला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. नेहमीच्या एका पद्धतीत मध्यभागाभोवतीच्या 54 बिंदूंची परीक्षा होते. यंत्र प्रत्येक बिंदूवरील प्रकाश मुद्दाम इतका मंद करत नेते की तो दिसेनासा व्हावा. त्यामुळे निरोगी डोळ्यालाही निम्म्याच्या आसपास ठिणग्या दिसत नाहीत. हे ठाऊक नसल्याने काही जण घाबरतात आणि नापास होऊ नये म्हणून न दिसताही बटण दाबत राहतात. यंत्र ते ओळखते; मधूनमधून ते प्रकाश न दाखवता नुसताच आवाज करून पाहते. येथे असत्य उत्तराने फसवणूक होते ती स्वतःचीच. पहिल्या खेपेचा आलेख अनेकदा विश्वसनीय नसतो, सरावाने तो सुधारतो. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावले तर पैसे काढण्याची युक्ती असा संशय घेऊ नये.

नेत्रदाब मोजला की काम झाले, हाही एक गैरसमज. 21 पर्यंतचा दाब सामान्य समजतात, परंतु त्या मर्यादेत दाब असणाऱ्यांनाही काचबिंदू होतो. दाब, मज्जातंतूचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि दृष्टिक्षेत्र ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात. बरेच धागे गमावल्यावरच आलेखात दोष उमटतो, त्यामुळे मज्जातंतूचे निरीक्षण टाळून नुसत्या आलेखावर विसंबणेही योग्य नव्हे.

येथे नावाचा घोळ फार नुकसान करतो. मारवाडी घरांतून काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात. मोतीबिंदू पिकला की शस्त्रक्रिया करून दृष्टी परत येते, हा अनुभव घरोघरी आहे. साहजिकच काळा मोतियाही पिकू द्यावा, मग पाहू, असे म्हणून वर्षे जातात. काचबिंदूत थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी राखता येते. गेलेली कोणीही परत देऊ शकत नाही. दक्षिण भारतातील पाहण्यांत आढळलेल्या दर दहा रुग्णांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हा विकार असल्याची कल्पनाच नव्हती.

निदान झाल्यावरही आपल्या समाजात एक खास अडचण उभी राहते. काही औषधांचा थेंब रात्री झोपताना एकदाच घालायचा असतो. चौविहार असणारे किंवा पर्युषणात अठाई करणारे श्रावक-श्राविका तो परस्पर बंद करतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. थेंबाचा अंश अश्रुनलिकेतून घशात उतरू शकतो, ही त्यांची शंका खरी आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरल्यास तो अंश पुष्कळ कमी होतो, औषधही डोळ्यात अधिक मुरते. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आगार किती, हे गुरुमहाराजांना विचारावे. दोघांनाही न विचारता तपाच्या दिवसांत थेंब सोडणे हा मार्ग मात्र घातक आहे. डोळ्यांच्या खाजेवर दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणे, हेही काचबिंदूला आमंत्रणच.

हा जिल्हा, जो 2024 मध्ये अहमदनगरचा अहिल्यानगर झाला, आचार्यसम्राट श्री आनंदऋषिजी म. सा. यांची जन्मभूमी. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीत 1900 मध्ये त्यांचा जन्म झाला, 1913 मध्ये मिरी येथे दीक्षा झाली आणि पुढील जवळजवळ आठ दशके ते पायी विचरले. त्यांच्या नावाचे रुग्णालय जैन सोशल फेडरेशनने शहरात उभे केले. वैयावृत्याला आभ्यंतर तपात स्थान देणाऱ्या या समाजाने मोतीबिंदूची शिबिरे मनोभावे भरवली. त्या शिबिरांत डोळा उघडून पाहिला जातोच. तेथेच चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या मज्जातंतूकडे पाहून घ्यावे आणि संशय वाटेल त्याला यंत्र असलेल्या रुग्णालयात पाठवावे. ज्यांच्या घरी काचबिंदू आहे त्यांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना प्रथम बोलवावे, कारण त्यांना धोका इतरांहून अनेक पटींनी अधिक असतो.

विहार करणाऱ्या साधू-साध्वींचा विचार वेगळा करावा लागेल. नगर-मनमाडसारख्या रस्त्यावर बाजूने येणारे वाहन वेळीच दिसते ते परिघातील दृष्टीमुळेच. विजेच्या यंत्राबाबत त्यांची मर्यादा असेल, तर ब्येरुम यांच्या पद्धतीचा काळा पडदा आणि पांढऱ्या टोकाची काठी दिवसाच्या उजेडातही चालते. यंत्राची सूक्ष्मता त्यात नाही, मात्र मोठा दोष असेल तर तो लपत नाही. उपाश्रयात असा पडदा लावायला एक भिंत आणि ही पद्धत जाणणारा एक नेत्रतज्ज्ञ पुरेसा आहे.

तरुण कार्यकर्त्यांसाठी काम आहे ते ज्येष्ठांना दुसऱ्या खेपेलाही रुग्णालयात नेण्याचे, आणि प्रत्येक वेळी जुने आलेख सोबत नेण्याचे. डॉक्टर आजचा आलेख मागच्या आलेखाशेजारी ठेवून पाहतात. दृष्टी टिकली की घटली, हे त्या दोन कागदांतील फरकावरूनच कळते.