नाताळ बारा दिवसांचा

तंजावरच्या शिवगंगा बागेत १७७९ सालचं श्वार्ट्झ चर्च उभं आहे. आत संगमरवरात कोरलेला एक प्रसंग पाहणाऱ्याला थांबवतो. मृत्युशय्येवर जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हाती घेतलेले त्यांचे शिष्य सरफोजीराजे भोसले! मराठी राजाच्या गुरुभक्तीची इतकी हृद्य खूण क्वचितच सापडेल.

श्वार्ट्झ ज्या ल्यूथरन परंपरेतले, तिथे नाताळ एका दिवसात आटोपत नाही.

आधी चार रविवारांचा आगमनकाळ. मग २५ डिसेंबरपासून बारा दिवस सण, आणि ६ जानेवारीला पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचं दर्शन घेतल्याची आठवण. रोममध्ये २५ डिसेंबरची नोंद इसवी सन ३३६ इतकी जुनी आहे. पुढचे सगळे दिवस सणाचे ठरवले ते ५६७ मध्ये, फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मपरिषदेनं.