दुरुस्तीनंतर घर कोणाचे?



माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे पडक्या घराचा विषय निघाला, की मी भिंतीआधी कागद पाहतो. का, ते एका परमुलखातील उदाहरणाने सांगतो.

लिव्हरपूल हे इंग्लंडातील गोदी कामगारांचे जुने शहर. १९८१ साली तेथील टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्या. पुढे त्याच भागातील ग्रॅन्बी वस्तीची घरे नगरपालिकेने ताब्यात घेतली, माणसे हलविली, खिडक्या ठोकून बंद केल्या. पुष्कळ घरे पाडली गेली; चार गल्ल्या तेवढ्या उरल्या. मग मागे राहिलेल्या मूठभर रहिवाशांनी, विशेषतः बायकांनी, काय केले? रस्ता झाडला, बंद खिडक्या रंगविल्या, कुंड्या मांडल्या, बाजार भरविला. घरे दुरुस्त करण्याइतका पैसा नव्हता; पण वस्ती जिवंत आहे हे दाखवायला झाडू पुरला.

२०११ साली त्यांनी सामुदायिक भूमी न्यास स्थापन केला. नगरपालिकेकडून केर्न्स स्ट्रीटवरील दहा घरे त्याच्याकडे आली. ‘असेम्बल’ या तरुण मंडळींच्या गटाने रहिवाशांच्या सोबतीने ती उभी केली. २०१५ साली या कामाला टर्नर पारितोषिक मिळाले. दोन घरे इतकी ढासळली होती, की त्यांत बिऱ्हाडे न वसविता आत झाडे लावली आणि २०१९ साली ती बाग सर्वांना खुली केली.

पारितोषिकाचे कौतुक आहेच. परंतु घरे नीट झाली की गल्लीचा भाव चढतो, आणि ज्यांनी चुना कालवला त्यांनाच तेथे राहणे परवडेनासे होते. ग्रॅन्बीकरांनी हे आधीच ओळखून घरांची किंमत बाजारावर न सोडता स्थानिक मजुरीशी बांधली. संपाने मिळविलेला हक्क करारात लिहिला नाही, तर तो वर्षभरही टिकत नाही. घराचेही तसेच आहे.

तेव्हा आपल्या गल्लीतील बंद घराचे वाचनालय किंवा पाळणाघर करावयाचे असेल, तर वर्गणीची पहिली पावती फाडण्यापूर्वी जागा कोणाच्या नावे आहे ते पाहा. मालकाच्या तोंडी शब्दावर घाम गाळू नका. आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. नोंदलेल्या न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. त्या आधाराचा उपयोग करा.

भिंत गवंडी उभी करील. ती आपल्या हाती राखणे हे संघटनेचे काम आहे.