हरवलेला गंध

ज्याची दृष्टि गेली त्याला मराठींत आंधळा म्हणतात. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला बहिरा म्हणतात. पण ज्याला वास येत नाहीं त्याला काय म्हणावें? ‘नकटा’ हा शब्द आहे, परंतु तो नाकाच्या आकाराविषयींचा आहे. मराठी भाषेनें नाकाला अब्रूचें स्थान दिलें, नाक मुरडण्यापासून नाक घासण्यापर्यंत वाक्प्रचारांची रेलचेल केली. मात्र नाकाचें मुख्य कामच बंद पडलें तर त्यासाठीं रोजच्या बोलींत एकही शब्द ठेवला नाहीं. ज्या दुःखाला नांव नाहीं, त्याची दखलही सहसा घेतली जात नाहीं.

२०२० सालीं आलेल्या करोनाच्या साथीनें हें दुःख एकाएकीं घरोघर आणून सोडलें. सकाळचा चहा म्हणजे नुसतें गरम, गोड पाणी, असा अनुभव असंख्य लोकांनीं घेतला. बहुतेकांचा गंध कांहीं आठवड्यांत परत आला. कित्येकांना मात्र महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. साथीखेरीज इतर कारणेंही आहेत: साधी सर्दी, डोक्याला बसलेला मार, नाकांत वाढलेले मांसल कोंब, उतारवय. कंपवातासारख्या कांहीं मज्जाविकारांतही गंध आधींच मंदावतो. यांपैकीं कांहीं कारणांवर उपचार आहेत. म्हणून सर्दी ओसरल्यावरही वास येत नसेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखविणें हें पहिलें काम होय.

असा मनुष्य बहुधा “तोंडाची चव गेली” असें म्हणतो. वास्तविक जिभेला कळणाऱ्या चवी मोजक्याच आहेत: गोड, आंबट, खारट, कडू, आणि टोकियो येथील रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं वेगळी दाखवून दिलेली ‘उमामी’ ही पांचवी. बाकी ज्याला स्वाद म्हणतात, त्याचा मोठा भाग घास चावतांना घशाच्या मागून नाकांत चढणाऱ्या वासाचा असतो. ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें नाक चिमटींत धरून साखर व दालचिनीची पूड जिभेवर ठेवावी. फक्त गोडी कळेल. चिमूट सोडतांच दालचिनी अवतरेल! हिंगाच्या फोडणीची आमटी आणि कोकमाचें सार यांतील भेद असाच बव्हंशीं नाकानें केलेला असतो.

आयुर्वेदानें षड्रसांत तिखट आणि तुरट यांचीही गणना केली आहे. आधुनिक शरीरशास्त्र त्यांना जिभेच्या मूळ चवींत धरीत नाहीं. मिरचीची आग ही दाह व उष्णता कळविणाऱ्या मज्जातंतूंची वार्ता आहे. पुदिन्याचा गारवा त्याच जातीचा. तुरटपणा मुख्यतः स्पर्शाचा. हा भेद केवळ पंडिती नाहीं. गंध गेला तरी हीं दालनें बहुधा उघडीं राहतात, आणि ताटाची नवी मांडणी त्यांच्याच आधारावर करावयाची असते.

याचें एक नामी उदाहरण अमेरिकेंत आहे. बेन कोहेन यांना वास फारच अल्प येतो. त्यांनीं मित्रासह १९७८ सालीं व्हर्मांट राज्यांत आइस्क्रीमचें दुकान काढलें. स्वादांतला आनंद मर्यादित, म्हणून दांताखालीं येणाऱ्या गोष्टींकडे त्यांचें लक्ष अधिक. त्यांतून चॉकलेटचे व बिस्किटांचे मोठमोठे तुकडे घातलेलें आइस्क्रीम निघालें, आणि तेंच ‘बेन अँड जेरीज’चें वैशिष्ट्य ठरलें.

मराठी स्वयंपाकघराला हा धडा परका नाहीं. दाण्याचें कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, कुरकुरीत काठाचें थालीपीठ, ऊन भातावर गार दही, वरून लिंबू, शेजारीं भाजलेला पापड: अशा जेवणांत नाक गैरहजर असतांही तोंडाला काम मिळतें. सर्व पदार्थ एकत्र कालवून मऊ गोळा करणें मात्र टाळावें. मीठ आणि साखर वाढवून उणीव भरून काढण्याचा मोह होतो. रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनीं त्यापासून विशेष जपावें. भुकेवर भिस्त न ठेवतां घड्याळाप्रमाणें जेवावें आणि वजनावर नजर ठेवावी.

नाक हें घराचें पहारेकरीही आहे. स्वयंपाकाच्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र दर्पाचें इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. ज्याला तो दर्पच कळत नाहीं, त्याच्या घरीं गळती दाखविणारें यंत्र असावें, शेगडीजवळून उठूं नये, आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहावी. नासलेलें दूध डोळ्यांना नेहमीं दिसत नाहीं.

आतां आशेची गोष्ट. नाकाच्या छताशीं असलेल्या गंधपेशी जन्मभर नव्यानें निर्माण होत राहतात. त्यांना व मेंदूला पुन्हां ओळख पटावी म्हणून जर्मनींतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनीं २००९ सालीं एक साधा व्यायाम प्रसिद्ध केला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकीं थोडा वेळ, शांतपणें हुंगावयाचे. त्या वेळीं तो वास कसा होता हें मनांत आणावयाचें. आणि हा क्रम निदान १२ आठवडे चालवावयाचा. सर्वांना गुण येतोच असें नाहीं, पण अनेकांना येतो, आणि खर्च नाममात्र आहे.

परतीच्या वाटेवर कधीं एक विचित्र टप्पा लागतो. कॉफी, परतलेला कांदा, लसणीची फोडणी यांना सडका वा जळका दर्प येऊं लागतो. हें ढोंग नव्हे. जुळणी अपुरी असल्यामुळें मेंदूला चुकीचा निरोप मिळत असतो. अशा वेळीं त्या माणसाला तळणापासून दूर बसवावें, गार किंवा कोमट आणि साधें अन्न द्यावें, आग्रह करूं नये.

घरच्या माणसांचें कर्तव्य येथेंच सुरू होतें. ज्याचा गंध गेला त्याचें केवळ जेवण बेचव होत नाहीं. पहिल्या पावसाची माती, बाळाच्या टाळूचा वास, आईच्या जुन्या पातळाची घडी, हें सारें त्याच्यापासून दूर जातें. आपल्या अंगाला दुर्गंधी तर येत नसेल ना, या धास्तीनें तो चारचौघांत बसणेंही टाळतो. “डोळे तर शाबूत आहेत ना!” या वाक्यानें त्याचें सांत्वन होत नाहीं, उलट तो गप्प होतो. त्याचें म्हणणें खरें मानावें, दूध नासलें कीं नाहीं तें त्याच्यासाठीं आपण हुंगून सांगावें, आणि ताटांत आज काय कुरकुरीत वाढावें हें त्यालाच विचारावें. औषधाची वाट पाहावी लागते. एवढें करण्यास मात्र कोणत्याही घराला वाट पाहावी लागत नाहीं.