होडीच्या इंजिनातील लपंडाव खेळणारा दोष
(मच्छीमारांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



पूर्णपणे बंद पडलेले इंजिन दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. जे इंजिन समुद्रात बंद पडते आणि मेकॅनिकच्या दारात आणताच सुरळीत चालू लागते, ते खरे कठीण. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना इंजिनाने अर्धा मिनिट जरी दगा दिला, तरी होडी लाटेला आडवी होते. तेव्हा असा दोष चालढकल करून सोडून देण्याजोगा नव्हे.

दोष विजेचाच आहे काय, हे प्रथम ठरवावे. इंजिन धापा टाकीत, हळूहळू मंदावून थांबले तर बहुधा इंधन अपुरे पडत आहे. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे ना, हे पाहावे आणि नळीवरील रबरी फुगा दाबावा. तेवढ्याने इंजिन सावरले तर विजेच्या तारांना हात लावण्याचे कारण नाही. याउलट, बटण दाबल्याप्रमाणे ते क्षणात थांबले तर ठिणगी गेली असे समजावे.

आता संशय प्रथम कोणावर घ्यावा? माझ्या मते, इंजिन बंद करण्याच्या बटणावर आणि मनगटाला बांधावयाच्या सुरक्षा-दोरीच्या कळीवर. बहुतेक लहान इंजिनांत ही कळ ठिणगीचा प्रवाह इंजिनाच्या धातूकडे वळवते. तिच्या तारेचे आवरण घासून उघडे पडले आणि लाटेच्या हादऱ्याने ती धातूला टेकली, की इंजिन बंद. हादरा ओसरला की पुन्हा चालू! यासाठी किनाऱ्यावर पंखा काढून, इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करावे आणि कोरड्या लाकडी काठीने एकेक तार व जोड हलवून पाहावा. फिरत्या चाकापासून हात व सैल कपडे दूर असावेत. ज्या ठिकाणी हलविताच इंजिन अडखळते, तेथेच शोध घ्यावा. कळीची तार तात्पुरती सोडविल्यावर दोष नाहीसा झाला, तर संशय पक्का. मात्र मग इंजिन चोक ओढूनच थांबवावे लागते. ही तार सोडलेली ठेवून समुद्रात कोणीही जाऊ नये. माणूस पाण्यात पडला तर इंजिन थांबविणारे दुसरे साधन नसते.

इंजिन थंड असता उत्तम चालते, वीसेक मिनिटांनी मरते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते, असे असल्यास इग्निशन कॉइल तपासावी. तापमानाने तिच्यातील सूक्ष्म तडा उघडतो. ही तपासणी इंजिन गरम असतानाच करावी, नाहीतर हाती काही लागत नाही.

सेल्फ-स्टार्टच्या इंजिनांत बॅटरी असते. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, तरीही स्टार्टर नुसता 'टक्' करतो. अशा वेळी पुष्कळ जण नवी बॅटरी विकत घेतात. त्याआधी मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवावा. काटा ०.३ व्होल्टच्या बराच पुढे गेला तर दोष अर्थिंगच्या तारेत किंवा तिच्या टोकाच्या जोडात आहे. खारे पाणी आवरणाखाली शिरते. वरून तार नवी दिसते, आतील तांबे मात्र काळे-हिरवे झालेले असते. विज्ञानशिक्षकांजवळ मल्टीमीटर असल्यास ही चाचणी विद्यार्थ्यांसह जेटीवर करून दाखवावी. किती मुलांच्या घरची होडी त्यात निघेल! इंजिन चालू असताना बॅटरी सोडून पाहण्याची सवय मात्र वाईट. तिने चार्जिंगचा रेक्टिफायर जळतो.

तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये. दाबून बसविलेला टिनच्या मुलाम्याचा जोड घालावा, तो घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावावे. होडीत नवे प्लग व प्लगपाना कोरड्या डब्यात ठेवावा, आणि वल्ही व नांगर घेतल्यावाचून नदीमुख ओलांडू नये.