उतारवयातील आरोग्य : आयुष्यभराचा जमाखर्च
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराच्या कार्याचे आकडे अहवालात दिलेले आहेतच. त्या आकड्यांमागील एका प्रश्नाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. साठी ओलांडलेले दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतात. वय सारखे, व्याधी सारखी, उपचार करणारे डॉक्टरही तेच. तरीही एक जण लवकर बरा होऊन घरी जातो आणि दुसरा थोड्याच दिवसांत पुन्हा दाखल होतो. असे का व्हावे?

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रात आम्हास गती नाही. परंतु चक्रवाढ व्याज आम्हास कळते. बालपणीचे अपुरे पोषण, मध्येच सुटलेली शाळा, डोक्यावरची ओझी, चुलीचा धूर, मजुरी बुडेल म्हणून अंगावर काढलेली दुखणी ही सारी लहानलहान कर्जे होत. तरुणपणी शरीर ती निभावून नेते. उतारवयात ती व्याजासह वसूल होतात.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. लंडनमधील सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. पुढे सर मायकेल मार्मट यांनी तो जगापुढे मांडला. यांतील कोणीही कंगाल नव्हता. प्रत्येकास नियमित वेतन होते आणि सरकारी आरोग्यसेवा विनामूल्य होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान व रक्तदाब यांचा हिशेब केल्यावरही अंतराचा मोठा भाग शिल्लक राहिला. उपचार विनामूल्य केले म्हणजे विषमता मिटली असे होत नाही, हा त्याचा बोध.

आपल्याकडे तर गोष्ट अधिकच उघड आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. ही शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी मोफत होते. मग माणसे अंधारात का राहतात? कारण सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, आणि घरातील वृद्ध स्त्री आपल्या दुखण्याचा क्रमांक नेहमी शेवटी लावते. जिच्या नावावर ना जमीन ना निवृत्तिवेतन, ती औषधासाठी कोणापुढे हात पसरणार?

कायद्याने आपली जबाबदारी ठरवून दिली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवावयाच्या आहेत. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले आहे. ही मदत मोलाची आहे. परंतु तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्या, फेरतपासणीचा प्रवास आणि सोबत्याची बुडालेली मजुरी हा खर्च अखेर कुटुंबावरच पडतो. तेथेच उपचार खंडित होतो आणि रुग्ण पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परत येतो.

म्हणून देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे. यंत्रसामग्री व खाटांसाठी आपण उदारहस्ते देत आला आहात. त्या देणगीचा काही अंश गोळ्यांसाठी व गाडीभाड्यासाठी द्यावा. त्यावर नावाची पाटी लावता येणार नाही; पण लाखाच्या यंत्राने वाचविलेला जीव शेकड्याच्या औषधावाचून जाऊ नये, एवढे त्यातून साधेल. विश्वस्तांनी या खर्चासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. आणि आप्तेष्टहो, घरातील आई किंवा आजी ‘मला काही होत नाही’ असे म्हणाली, तरी तिला एकदा तपासून आणावे.

उतारवयातील व्याजाचा हा बोजा आपण सर्वांनी मिळून थोडा हलका करू या.