प्लायवूडची निर्यात आणि जंगलाची मालकी
(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

कच्चा माल परदेशी न पाठविता देशातच त्याचा पक्का माल करावा, ही मागणी आपण साम्राज्यवादविरोधी लढ्याच्या काळापासून करीत आलो आहोत. ती रास्तच आहे. परंतु केवळ तेवढ्याने श्रमजीवी जनतेच्या हाती काही पडते काय? बोर्निओ बेटावर ज्यांची सीमा एकमेकांना भिडलेली आहे, त्या इंडोनेशिया व मलेशिया या देशांच्या प्लायवूड-निर्यातीचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

इंडोनेशियात १९६५-६६ साली लाखो कम्युनिस्टांची व त्यांच्या सहानुभूतीदारांची कत्तल करून सुहार्तोची लष्करी राजवट आली. १९६७ च्या वनकायद्यानंतर कालिमांतानची जंगले सेनाधिकारी, त्यांचे भांडवलदार भागीदार व परदेशी कंपन्या यांना मक्त्याने देण्यात आली. आरंभी ओंडकेच बाहेर जात. १९८० पासून त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आले व १९८५ साली संपूर्ण बंदी झाली. गिरण्या झपाट्याने वाढल्या. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्लायवूडची निर्यात सालिना सुमारे ९० लाख घनमीटरांवर पोहोचली. मलेशिया तेव्हा फार मागे होता. त्याचे सारावाक राज्य जपानला मुख्यतः ओंडकेच विकीत होते.

वरवर पाहता हा राष्ट्रीय उद्योगाचा विजय होता. प्रत्यक्षात भाव, बाजारपेठ व कोटा सुहार्तोचे निकटवर्ती बॉब हसन यांच्या नेतृत्वाखालील 'अप्किंदो' ही कारखानदारांची संघटना ठरवीत असे. निर्यातबंदीमुळे गिरणीमालकांना ओंडका स्वस्त मिळाला. दायाक जमातींचा जंगलावरील पिढीजात हक्क मात्र डावलला गेला. कामगारांना सरकारमान्य अशा एकाच संघटनेची मुभा होती.

१९९८ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे ही मक्तेदारी मोडली आणि त्याच वर्षी सुहार्तोची सत्ताही गेली. परंतु बेसुमार तोडीने जंगल खालावले होते. इकडे मलेशियातील साबाह राज्याने १९९३ साली ओंडक्यांची निर्यात रोखली, सारावाकने काही वाटा स्थानिक गिरण्यांसाठी राखला. २००५ च्या सुमारास मलेशिया इंडोनेशियाच्या पुढे गेला होता.

मग तेथे जनतेचे राज्य आले काय? १९८७ साली सारावाकमधील पेनान आदिवासींनी तोडीचे रस्ते अडविले, तेव्हा रस्ता अडविणे हाच गुन्हा ठरविणारी दुरुस्ती वनकायद्यात करण्यात आली. गिरण्यांत राबणाऱ्यांत इंडोनेशियातून आलेल्या स्थलांतरित मजुरांचा भरणा मोठा होता. सीमेपलीकडून चोरटा ओंडकाही येत होता. २००२ साली मलेशियाला इंडोनेशियन ओंडक्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. पुढे मलेशियाचीही निर्यात घसरली. जगातील सर्वांत मोठा प्लायवूड-निर्यातदार म्हणून चीन पुढे आला होता.

कॉम्रेड्स, दोन्ही देशांच्या आकड्यांची चढउतार झाली, पण मक्तेदार मक्तेदारच राहिला आणि मजूर मजूरच. ओंडका विकावा की प्लायवूड, हा दुय्यम प्रश्न आहे. जंगल कोणाचे व गिरणी कोणाची, हा मुख्य प्रश्न आहे. सारावाकचे ओंडके आपल्या कांडला बंदरातही उतरत आले आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार प्रत्यक्षात उतरविण्याची लढाई आणि लाकूडगिरण्यांतील कामगारांची संघटना, ही दोन कामे आपण जोडीनेच केली पाहिजेत.