एक पुरवठा, चार उपकरणे



कामगार संघटनेचा माणूस विजेवर काय बोलणार, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. मी इंजिनियर नव्हे. वीज शिकलो ती जुनी पुस्तके वाचून आणि चुका करून; त्यातल्या एका चुकीचीच हकीकत सांगणार आहे.

घरातला टी.व्ही.चा कोपरा डोळ्यांसमोर आणा. राउटर, फायबरची पेटी, सेट-टॉप बॉक्स, एखादा कॅमेरा. प्रत्येकाचा अडॅप्टर निराळा, आणि एका बोर्डावर ही सारी मंडळी दाटीवाटीने बसलेली. अडॅप्टर करतो काय? भिंतीतली २३० व्होल्टची ए.सी. वीज घेऊन बहुधा १२ व्होल्टची डी.सी. करून देतो. चौघांचे काम एकच, तर चार कारकून कशाला? आमच्या कचेरीत मी दहा अँपिअरचा एकच पुरवठा आणला, दुकानदार त्याला एस.एम.पी.एस. म्हणतात, आणि चार वायरी काढून चारही उपकरणे त्यावर चालवली.

पुष्कळांना भीती वाटते की, दहा अँपिअरचा पुरवठा एक अँपिअरच्या राउटरला जाळून टाकील. तसे होत नाही. दाब ठरवतो पुरवठा. प्रवाह मात्र उपकरण गरजेपुरताच ओढते. (ज्याला त्याला गरजेप्रमाणे, हे तत्त्व कारखान्यात आणता आणता आमचे केस पिकले, तारेत ते आयते सापडले!) म्हणून व्होल्ट जुळवायचे आणि अँपिअरची बेरीज करायची. राउटर १, फायबरची पेटी १, सेट-टॉप बॉक्स दीड, कॅमेरा अर्धा, मिळून ४. अडॅप्टरवर ‘आउटपुट’पुढे डी.सी. आहे ना, पिनेच्या आत धन आहे की ऋण, हेही वाचायचे. हे सारे मी केले होते.

काही महिन्यांनी एके दुपारी जळका वास आला. कॅमेऱ्याची बारीक वायर कपाटाच्या दारात चेंगरून आतल्या दोन तारा अर्धवट टेकल्या होत्या. मूळचा छोटा अडॅप्टर असता तर तो दमून बंद पडला असता. दहा अँपिअरच्या पुरवठ्याला मात्र हे आणखी एक गिऱ्हाईक वाटले. मर्यादा ओलांडलीच नाही, तर तो थांबेल कशाला? वायरीवरचे प्लॅस्टिक वितळले, शेजारचा पावतीपुस्तकांचा गठ्ठा एका कडेने काळा पडला. कचेरीत माणसे होती म्हणून निभावले. रात्री कुलूप लावल्यावर हे घडते तर?

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती वीज निरुपद्रवी, असे मी धरून चाललो होतो. हिशेब पाहा. ४८ वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर ४ अँपिअर. आणि प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. दाबही वाटेतच खर्च होतो. पाव चौरस मिलिमीटरहून बारीक तांब्याची वायर पाच मीटर नेली, जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर, आणि तीतून २ अँपिअर गेले, तर दीड व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. मग राउटर कारण नसता बंद-चालू होतो आणि आपण कंपनीला शिव्या देतो. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्याच अंतराला अर्धा व्होल्टही जात नाही. सगळ्या घराला डी.सी. द्यायची तर ४८ व्होल्ट घेतात, ते यासाठीच. मद्रासच्या आय.आय.टी.त त्यावर काम झाले, आणि २०१७ साली त्याचे भारतीय मानकही निघाले.

माझी चूक दहा अँपिअरची नव्हती. चार वायरींना चार फ्यूज दिले नाहीत, ही होती. फ्यूज बसवायचा तो पुरवठ्याच्या टोकाला, आणि त्याचे माप वायरीला सोसेल तेवढेच. पुरवठ्याच्या २३० व्होल्टच्या बाजूचे स्क्रू उघडे ठेवू नयेत, अर्थिंग जोडावे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मोबाइलला ५ व्होल्ट लागतात. तो १२ वर थेट लावू नये, मोटारीत वापरतात तसला चार्जर मध्ये घालावा.

आमच्या कचेरीत आता पुरवठ्यालगत चार फ्यूज आहेत आणि प्रत्येकाखाली उपकरणाचे नाव लिहिले आहे. कॅमेऱ्याची नवी वायर कपाटापासून दूर, छताच्या कडेने नेली आहे.